गोल्फचा कोच निवडताना पहिल्या लेसनमध्ये काय बघावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं खेळताय, हँडिकॅप (ठरलेल्यापेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा, कमी तितका चांगला) २६च्या आसपास, उजव्या हाताने खेळता आणि ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, बॉल हमखास उजवीकडे वळतो. जवळपास तीन कोच आहेत. एक पूर्वी व्यावसायिक स्पर्धा खेळलेले. दुसऱ्यांकडे रडारचं मशीन आणि कॅमेरे. तिसरे बरीच वर्षं नवशिक्यांना शिकवणारे, त्यांच्याकडे बादलीभर बॉल आणि दोन काठ्या यापलीकडे काही नाही. कोणाकडे जावं आणि किती लेसन घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

माझं लक्ष मात्र तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेल्या वाक्याकडे गेलं. मागे एकांकडे काही लेसन घेतले होते, त्यांच्यासमोर बॉल छान जायचे, आणि पंधरा दिवसांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मला वाटतं तुमची खरी अडचण इथे आहे. कोचसमोर चांगलं मारणं त्या मानाने सोपं असतं. तो दर बॉलला काहीतरी सांगत असतो, तुम्ही एकाच क्लबने एकाच दिशेला मारत असता, आणि शरीर तेवढ्यापुरतं जुळवून घेतं. लेसनचा कस लागतो तो चार दिवसांनी, तुम्ही रेंजवर (सरावाच्या मैदानावर) एकटे असता तेव्हा. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: जो कोच तुम्हाला त्याच्याशिवाय सराव करायला शिकवतो, त्याच्याकडे जा. पदव्या, मशीन, जिंकलेले कप हे सगळं त्यानंतर.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बघू. सरावाला आठवड्यात किती वेळ मिळतो हे तुम्ही लिहिलेलं नाही. एकदाच रेंजवर जाणं होत असेल तर अख्खा स्विंग नव्याने बांधायच्या फंदात पडू नका, आणि तसं सुचवणाऱ्या कोचला नम्रपणे नाही म्हणा. इंग्लंडच्या निक फाल्डोने १९८५च्या सुमारास डेव्हिड लेडबेटर या कोचकडे जाऊन स्विंग मुळापासून बदलला. तो तेव्हाच युरोपातला आघाडीचा खेळाडू होता, सराव हेच त्याचं काम होतं, तरी नवा स्विंग अंगात मुरायला दोनेक वर्षं गेली आणि मधल्या काळात निकाल घसरले. १९८७ची ब्रिटनमधली ओपन स्पर्धा त्याने स्कॉटलंडमधल्या म्युरफील्डला शेवटच्या दिवशी अठराही होलवर पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) खेळून जिंकली, पण ती मधली वर्षं त्याला काढावी लागली. तुम्हाला ती परवडणार आहेत का, याचा विचार करा. नोकरी सांभाळून खेळणाऱ्या बहुतेकांना ग्रिप (क्लब धरण्याची पद्धत), उभं राहण्याची पद्धत, बॉलची जागा आणि एखादी हालचाल एवढ्या दुरुस्तीवर पुष्कळ फरक मिळतो.

तुम्हाला हवंय काय, हेही कोचला सांगता आलं पाहिजे. मित्रांबरोबर निवांत खेळता यावं एवढंच, की हँडिकॅप १५वर आणायचाय? दोन्हींसाठी शिकवण्याचा क्रम बदलतो. आणि कंबर, गुडघा, खांदा यांचं जुनं दुखणं असेल तर ते लपवू नका. गोल्फ खेळणाऱ्यांत कंबरदुखी सर्रास असते. ज्याची कंबर नीट वळत नाही त्याला पूर्ण वळायला लावणारा कोच त्याला दुखापतीच्या दिशेनेच ढकलत असतो.

आता पहिल्या लेसनकडे येते. पहिली पंधरा-वीस मिनिटं फार काही सांगून जातात. चांगला कोच सुरुवातीला विचारतो जास्त. किती खेळता, कुठे दुखतं, बॉल नेहमी कुठे जातो, वाईट दिवशी कुठे जातो, आधी कोणी काय सांगितलंय. मग तो तुम्हाला आठ-दहा बॉल मारू देतो, मध्ये काही न बोलता. या वेळात त्याची नजर कुठे आहे ते बघा. मी स्वतः शिकवताना आधी बॉल बघते, मग डिव्हॉट (क्लबने गवतात पडलेला खड्डा), मग क्लबफेसवरची, म्हणजे बॉलला लागणाऱ्या भागावरची खूण, आणि माणसाचा स्विंग सगळ्यात शेवटी. बॉलने काय केलं हे कळल्याशिवाय स्विंगमधलं काय बदलायचं हे ठरवताच येत नाही. दुसऱ्याच बॉलला ‘कोपर आत ठेवा’ म्हणणारा कोच मला तपासण्याआधीच गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरसारखा वाटतो.

मग त्याला सरळ विचारा: ‘माझा बॉल उजवीकडे का वळतो?’ या एका प्रश्नावर मी कोणाही कोचची पारख करेन. उत्तरात दोन गोष्टी सुट्या सुट्या यायला हव्यात: बॉल सुटतो कुठे आणि वळतो कुठे. सुटण्याची दिशा मुख्यतः क्लब बॉलला लागतो त्या क्षणी फेस कुठे बघतोय त्यावर ठरते. ड्रायव्हरला यात फेसचा वाटा साधारण ८५ टक्के, आयर्नला (कमी अंतरासाठीच्या क्लबना) ७५ टक्क्यांच्या आसपास. वळण ठरतं ते फेसची दिशा आणि क्लब ज्या मार्गाने येतोय ती दिशा यांच्यातल्या फरकावर. फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा, असला की बॉल उजवीकडे वळणारच. पूर्वी बरोबर उलटं शिकवलं जायचं, की बॉल क्लबच्या मार्गाने सुटतो आणि फेसच्या दिशेला वळतो. २०००नंतरच्या दशकात ट्रॅकमॅनसारखी रडारची मशीन आली आणि हे मोजता यायला लागलं. अजूनही जुनंच शिकवणारे कोच आहेत, आणि त्यांचं ऐकून माणसं वर्षानुवर्षं चुकीची गोष्ट दुरुस्त करत बसतात.

तुमच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे. बॉल डावीकडे सुटून उजवीकडे वळत असेल, तर क्लब बाहेरून आत, शरीराच्या बाजूला येतोय आणि मुख्य काम मार्गावर आहे. बॉल मुळातच उजवीकडे सुटून आणखी उजवीकडे जात असेल, तर फेस उघडा राहतोय आणि आधी ग्रिप बघायला हवी. दोन्हीत बॉल शेवटी उजव्या झाडीतच सापडतो, म्हणून खेळणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. त्यात स्लाइस (बॉल असा उजवीकडे वळणं) होणारी माणसं हळूहळू डावीकडे तोंड करून उभी राहायला लागतात, त्यामुळे मार्ग आणखी डावीकडे जातो आणि वळण वाढतं. हे तुम्हाला साध्या शब्दांत, तुमचेच बॉल दाखवून समजावून सांगणारा कोच मिळाला तर अर्धं काम झालं. टॉपला (क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागणं), स्लाइसला, शँकला (दांड्याजवळ लागून बॉल भलतीकडे जाणं) एकच उत्तर, ‘डोकं वर उचललंत’, असं मिळालं तर मात्र पुढच्या लेसनची वेळ ठरवू नका.

एक उदाहरण देते. एक गृहस्थ माझ्याकडे ड्रायव्हरचा स्लाइस घेऊन आले. आधीच्या सगळ्यांनी त्यांना क्लब बाहेरून येतो असं सांगितलं होतं आणि ते मार्ग बदलण्याचेच व्यायाम करत होते. मी त्यांच्या ड्रायव्हरच्या फेसवर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे मारला. फेस पांढरा झाला. पहिल्या बॉलनंतर त्यावर नाण्याएवढी स्वच्छ गोल खूण उमटली, मध्यापासून लांब, शाफ्ट (दांडा) जिथे क्लबच्या डोक्यात शिरतो त्या बाजूला. फेस पुसून पुन्हा स्प्रे मारला, तरी पुढची खूण तिथेच, आणि तिसरीही. ड्रायव्हरमध्ये हीलकडे, म्हणजे याच शाफ्टच्या बाजूला, लागलेल्या बॉलला उजवीकडे नेणारी फिरकी मिळते आणि टोकाकडे लागलेल्याला डावीकडे नेणारी. ते बॉलच्या फार जवळ उभे राहत होते. त्यांना चार बोटं मागे सरकवलं, वजन टाचांवरून पावलाच्या मध्यावर आणायला लावलं, आणि खुणा मध्याकडे सरकायला लागल्या. बॉल अजूनही थोडा उजवीकडे वळत होता, पण फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) राहत होता. स्विंगला आम्ही त्या दिवशी हातही लावला नाही. त्यांना घरी न्यायला मिळाला तो स्प्रेचा डबा आणि रोज स्वतः बघता येईल अशी खूण.

आता तुमचे तीन कोच.

स्पर्धा खेळलेल्या माणसाबद्दल आदर असणं स्वाभाविक आहे. दडपणाखाली खेळणं, कोर्सवर निर्णय घेणं, वाऱ्यात क्लब निवडणं हे तो आतून जाणतो, आणि हँडिकॅप खाली आल्यावर त्याचा फार उपयोग होतो. पण स्वतः करता येणं आणि दुसऱ्याला करायला लावता येणं ही वेगळी कौशल्यं आहेत. लेडबेटर खेळाडू म्हणून कधी गाजला नाही. उलट लहानपणापासून उत्तम मारणाऱ्या माणसाला स्लाइस म्हणजे काय हे कधी भोगावंच लागलेलं नसतं. त्याला विचारा की २५-३० हँडिकॅपचे किती जण त्याच्याकडे शिकतात. आणि तो सगळ्यांना स्वतःचाच स्विंग शिकवतोय का हे बघा. अमेरिकेच्या जिम फ्युरिकचा स्विंग वर जाताना आणि खाली येताना इतक्या वेगळ्या गिरक्या घेतो की कुठल्याही पुस्तकात बसणार नाही. त्याला शिकवलं त्याच्या वडिलांनी, आणि त्यांनी तो स्विंग सरळ करायचा हट्ट धरला नाही. २०१६ मध्ये फ्युरिकने पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) ५८ फटक्यांचा राउंड खेळला, तोवर तिथे इतका कमी स्कोअर कोणीच केला नव्हता. बॉलला लागताना क्लब कसा आहे, हे महत्त्वाचं.

मशीनबद्दल माझं मत चांगलं आहे. फेसची दिशा, मार्ग, क्लबचा वेग, बॉल किती उंच सुटला, हे डोळ्यांना अचूक दिसत नाही, कारण क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा वेळ. पण पडद्यावर पंचवीस आकडे येतात आणि त्यातले तेवीस तुम्हाला त्या दिवशी नको असतात. मशीनवाला कोच चांगला असेल तर एक किंवा दोन आकडे निवडतो आणि बाकीचे झाकतो. दर बॉलनंतर तुम्ही दोघं पडद्याकडेच बघत असाल, तर तुम्ही आकडे वाचायला शिकाल, बॉल मारायला नाही. कॅमेऱ्याचंही तसंच. मागून घेतलेल्या व्हिडिओत कॅमेरा हातभर डावीकडे-उजवीकडे सरकला तरी तोच स्विंग बाहेरून येणारा किंवा आतून येणारा दिसू शकतो. कोच कॅमेरा दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवतो का, एवढं बघितलं तरी त्याची शिस्त कळते.

काठ्यावाल्या तिसऱ्या कोचला साधनं नाहीत म्हणून बाद करू नका. जमिनीवरच्या दोन काठ्या, टी आणि खडूची रेघ एवढ्यावर तुमच्या पातळीचं बहुतेक काम होतं, आणि ही साधनं तुम्हालाही घरी मिळतात. त्यांचा फेस-मार्गाचा हिशोब पक्का आहे का, एवढं मात्र तपासा.

आता मुद्दा पंधरा दिवसांनी सगळं विसरण्याचा. शरीराला हालचाल शिकवण्यावर बरंच संशोधन झालंय. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला. एका गटाने एकेक हालचाल सलग घोटली, दुसऱ्याने उलटसुलट क्रमाने केली. सरावात पहिला गट पुढे होता, पण नंतर परीक्षा घेतली तेव्हा दुसरा. १९८४ मध्ये सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी आधीचे प्रयोग तपासून दाखवलं की प्रत्येक प्रयत्नानंतर सांगत राहिलं तर शिकणारा त्या सांगण्यावर विसंबतो, आणि सांगणं थांबलं की कामगिरी घसरते. तुमचा आधीचा अनुभव यात तंतोतंत बसतो.

म्हणून लेसनमध्ये हे बघा: कोच अधूनमधून गप्प बसतो का? बॉल गेल्यावर स्वतः सांगण्याआधी ‘कुठे लागला? कसा वाटला?’ असं विचारतो का? मी शिकवताना शेवटची दहा मिनिटं मुद्दाम काही बोलत नाही. शिकणाऱ्यांना ते सुरुवातीला अवघड जातं, पण रेंजवर एकटं असताना काय होणार आहे त्याची ती तालीम असते. शिवाय तो लक्ष कुठे द्यायला सांगतो हे ऐका. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवख्यांकडून गोल्फचे छोटे पिच शॉट मारून घेतले. ज्यांना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं त्यांच्यापेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणारे जास्त अचूक ठरले, नंतरच्या चाचणीतही. ‘उजवं मनगट असं, कोपर तसं, कंबर आधी’ यापेक्षा ‘क्लबचं डोकं या टीच्या आतल्या बाजूने काढ’ हे वाक्य जास्त काम करतं.

आणि निघताना हातात काय मिळतं? एक बदल, एकच. तो कसा करायचा आणि बरोबर होतोय हे स्वतः कसं ओळखायचं. उदाहरणार्थ, उघड्या फेससाठी मी ग्रिप बदलून देते, डाव्या हाताची दोन-तीन पेरं वरून दिसतील इतकी. मग सात नंबरच्या आयर्नने कमरेपर्यंतचे अर्धे स्विंग, खूण एवढीच की बॉल जमिनीवर पुढे ठेवलेल्या काठीच्या डावीकडे सुटला पाहिजे. पाच बॉल झाले की क्लब बदलायचा, दिशा बदलायची, हात सोडून ग्रिप नव्याने धरायची. नवी ग्रिप पहिले काही दिवस अगदी चुकीची वाटते, काही बॉल डावीकडे झपकन जातात, स्कोअर वाढतो. हे आधी सांगून ठेवणारा कोच प्रामाणिक. ‘पुढच्या आठवड्यात बघा कसे सरळ जातील’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

कोच तुम्हाला कधी कोर्सवर नेतो का, हेही विचारा. रेंजवर जमीन सपाट, टी एकच, बॉल मुबलक. मार्क ब्रॉडी या प्राध्यापकांनी शॉटच्या नोंदींचा अभ्यास करून दाखवलं की चांगल्या आणि कमी चांगल्या खेळाडूंच्या स्कोअरमधला साधारण दोन तृतीयांश फरक १०० यार्डांबाहेरच्या शॉटमधून येतो. तुमच्या पातळीला त्यात हरवलेले बॉल आणि दंडाचे शॉट धरले तर ड्रायव्हरवर काम करायचं तुमचं ठरवणं योग्यच आहे. पण कोर्सवर चाललं की कोचला वेगळंच दिसतं: प्रत्येक पार चारवर ड्रायव्हर काढणं, पाणी ओलांडायला अपुरा क्लब घेणं. पटिंगच्या (बॉल घरंगळत भोकात घालण्याच्या) अपेक्षाही तिथे ताळ्यावर येतात. आठ फुटांवरून टूरवरचे व्यावसायिकही जेमतेम निम्मे पट घालतात. आणि गोल्फच्या नियम १०.२ प्रमाणे स्पर्धेच्या राउंडमध्ये कॅडी (क्लबची पिशवी वाहणारा मदतनीस) आणि जोडीदार सोडून कोणाचा सल्ला घेता येत नाही, म्हणजे तिथे कोच कामाला येणार नाही.

वागणुकीबद्दल थोडं, कारण यावर कमी बोललं जातं. ग्रिप किंवा खांदा दुरुस्त करताना हात लावण्याआधी विचारणं ही किमान गोष्ट आहे. बायकांना शिकवताना अनेक कोच ‘हळू मारा, मजा घ्या’ एवढ्यावर आटोपतात, फेस आणि मार्ग समजावतच नाहीत. माझ्याकडे अशा कितीतरी जणी आल्या ज्यांना वर्षभरात एकदाही जोरात मारायला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरातल्या कोणाला पुढे शिकायचं असेल तर तोच कोच त्यांच्याशी कसा बोलतो ते जरूर बघा. पहिल्याच लेसनला नवे क्लब घ्या म्हणणाऱ्याला थांबवा. शाफ्ट किंवा क्लबचा कोन चुकीचा असू शकतो, पण ते ठरवायला तुमचा स्विंग थोडा स्थिरावायला हवा. क्लबच्या मुठीवरची रबरी ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर मात्र ती लगेच बदला.

आणि या कोचचे लेसन चालू आहेत तोपर्यंत इंटरनेटवरचे शिकवणारे व्हिडिओ बंद. ते वाईट असतात म्हणून नव्हे. हुक (बॉल डावीकडे वळणं) होणाऱ्यासाठी सांगितलेला उपाय स्लाइसवाल्याने केला तर स्लाइस वाढतो, आणि समोरच्या माणसाने तुमचा बॉल पाहिलेलाच नसतो.

किती लेसन? आधी एकच घ्या, पॅकेज नको. जमलं तर दोघांकडे एकेक घ्या आणि दोघांनी स्लाइसचं कारण काय सांगितलं ते ताडून बघा. कोणाकडे राहायचं ठरलं की दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने चार ते सहा लेसन, मध्ये सराव. सराव झाला नसेल तर लेसन पुढे ढकला. प्रगती हँडिकॅपवर मोजू नका. तो शेवटच्या २० राउंडपैकी सर्वोत्तम ८ वरून निघतो, त्यामुळे बदल दिसायला वेळ लागतो. त्याऐवजी दर राउंडला दंडाचे शॉट आणि ड्रायव्हरने उजवीकडे गेलेले बॉल एवढंच लिहून ठेवा. मन लावून सराव करूनही तीन लेसननंतर बॉलच्या वागण्यात काहीच फरक नसेल, किंवा दर वेळी कोच नवाच विषय काढत असेल, तर बदलायला संकोच करू नका.

आज तुमच्या जागी मी असते तर आधी तिसऱ्या कोचकडे गेले असते. त्यांचं कारण पटलं नाही तर मशीनवाल्यांकडे, तेही फेस आणि मार्ग एवढेच दोन आकडे समजून घ्यायला. स्पर्धा खेळलेल्यांकडे हँडिकॅप १५-१६ला आल्यावर, शक्यतो कोर्सवरच्या लेसनसाठी. फोन कराल तेव्हा तिघांनाही एकच विचारा: लेसन झाल्यावर घरी सरावाला काय देता, आणि ते बरोबर होतंय हे मला कसं कळेल? जे लगेच, नेमकं उत्तर देतील त्यांची वेळ घ्या. आणि जाण्याआधी पुढच्या एका राउंडमध्ये तुमचे ड्रायव्हरचे बॉल कुठे सुटतात आणि कुठे वळतात ते होलनुसार लिहून न्या, म्हणजे पहिली वीस मिनिटं वाचतील.